एकशे चौदा बळी आणि एक मातीचा पेला

मागच्या सुट्टीतली गोष्ट. नातू जालन्याला आला होता. दुपारची जेवणे झाली, टीव्हीवर कुठला तरी सामना चालू होता आणि आम्ही दोघे पंख्याखाली बसून तो पाहत होतो. त्याचे वय अकरा. या वयाच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत पहिला कोण, हे जाणून घ्यायची भारी हौस. त्याने विचारले की आपल्या देशातला पहिला मोठा बॉलर कोण? मी म्हटले, बाळू पालवणकर. नाव ऐकून तो खो खो हसला. त्याला जंगल बुकातले अस्वल आठवले. हसून झाल्यावर मात्र त्याने नेमके प्रश्न विचारले. किती विकेट घेतल्या, कोणाविरुद्ध घेतल्या, टीम जिंकली का? मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, आकडे मला पाठ राहतात. एकामागून एक सांगत गेलो. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला की ते कॅप्टन कधी झाले? मी म्हटले, झाले नाहीत. का, असे त्याने विचारले आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेलो.

त्याला जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते दोन्ही आज लिहून काढतो आहे.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले पालवण. बाळूंचा जन्म मात्र धारवाडचा, सुमारे १८७५-७६ सालचा. जातीने चर्मकार. वडील लष्करात नोकरीला होते, आणि त्या नोकरीपायी कुटुंब पुण्यात आले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या पुष्कळ घरांना लष्कराने चार पैसे आणि गावाबाहेरचे जग दाखवले, त्यांपैकीच हे एक घर. आमच्या जालन्यातही इंग्रजांच्या काळी लष्करी छावणी होती. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी इथे असत, आणि १९०३ साली ती उठली. छावणी आली की साहेब आला, साहेब आला की मैदान आले, आणि मैदान आले की त्यावर रोलर ओढणारा कोणीतरी लागतोच. पुण्याच्या छावणीत साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळू लागले. कामे तीच, शिवाय नेट उभारणे आणि टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे. पण इथे एक फरक पडला. साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा होता आणि हा सडपातळ डावखुरा मुलगा चेंडू असा वळवायचा की भल्याभल्यांचे पाय जागच्या जागी अडकत.

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा एक कॅप्टन होता. लहान चणीचा, पण फलंदाज पट्टीचा. पुढे तो इंग्लंडात हॅम्पशायरकडूनही खेळला. ग्रेगसाहेब रोज सगळ्यांच्या आधी येऊन बाळूंकडून सराव करून घेई आणि आपल्याला बाद केले तर दर वेळी आठ आणे देई, अशी कथा सांगतात. कथा असेल किंवा खरे असेल, पण हिशेब करून पाहावा. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या मुलाने ग्रेगला आठ वेळा बाद केले तर त्याचा पगार दुप्पट झाला! असा बोनस माझ्या नोकरीत मला कधी मिळाला नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेकडो तास गोलंदाजी करूनही नेटमध्ये बॅट हातात घ्यायला बाळूंना कोणी सांगितले नाही. फलंदाजी ही साहेबांची, गोलंदाजी नोकराची.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला साहेबांच्या संघांना हरवायचे होते, आणि हरवू शकेल असा गोलंदाज तर साहेबांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. मग वाद सुरू झाला. काही तेलुगू सभासद म्हणत की बाळूला घ्या. पुण्यातल्या काही ब्राह्मण सभासदांना ते पटेना. अखेर जिंकण्याची ओढ मोठी ठरली आणि बाळू संघात आले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत होते. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा बाहेर यायचा, तोही मातीच्या पेल्यातून. पिऊन झाला की पेला फेकून द्यायचा. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर त्यांच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य गड्याने ते आणून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे आणि बसायची जागाही वेगळी.

सातारच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी गाजला. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून त्या मंडळींनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती टणक करून घेतली होती. ज्याचा हात रोज रोलरच्या दांड्यावर असे, त्याला टणक खेळपट्टीचे काय भय! बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. पुढे एका जाहीर समारंभात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. पेला मातीचा, हार फुलांचा. दोन्ही एकाच माणसाला, एकाच शहरात, एकाच काळात.

१८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. त्याच सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदूंचा नवा जिमखाना उभा राहिला होता. तिथेही काही सभासद कुरकुरले, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले. पोटापाण्यासाठी बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली, तिथल्या संघाकडूनही ते खेळू लागले. मुंबई हे पुण्यापेक्षा वेगळे शहर. गिरण्या, रेल्वे, गर्दी. तिथे हळूहळू बाळूंना संघातल्या इतरांबरोबर जेवायला बसता येऊ लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन असा सामना झाला. स्वदेशीची चळवळ भरात होती. आदल्याच वर्षी जपानने रशियाला हरवले होते आणि गोरा माणूस हरू शकतो, ही गोष्ट आशियाभर पसरली होती. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. म्हणजे विजय १०९ धावांचा. दुसऱ्या डावात पाच आणि पहिल्यात तीन, असे आठ बळी एकट्या बाळूंचे. शिवरामही त्या संघात होता. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकांच्या पत्राला तर या विजयापेक्षा पालवणकर बंधू इतरांच्या पंक्तीला बसले, याचे मोल अधिक वाटले. ते बरोबरही होते. पण पंक्तीला बसवणे वेगळे आणि पंक्तीचा मान हाती देणे वेगळे. तो प्रश्न अजून यायचा होता.

आता येतो तो १९११ चा इंग्लंडमधला हंगाम.

हिंदुस्थानचा संघ म्हणून एक संघ पहिल्यांदाच विलायतेला निघाला. त्यात पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय १९. त्याच जूनमध्ये लंडनला पंचम जॉर्ज बादशहांचा राज्याभिषेक होता. महाराजांना समारंभ होते, मेजवान्या होत्या, भेटीगाठी होत्या. क्रिकेट त्यातून वेळ मिळेल तसे. महाराज मोजकेच सामने खेळले आणि बाकी हंगाम संघाने त्यांच्याशिवाय काढला.

एका हंगामात २३ सामने. कौंटीचा सामना तीन दिवसांचा. तो संपला की रेल्वेने पुढच्या गावी जायचे आणि तिथे पुन्हा मैदानात उतरायचे. मी नोकरीत असताना मार्चअखेरीला जालना, अंबड, परतूर अशी शाखा-तपासणीची फेरी व्हायची, तेव्हा आठ दिवसांत अंग आंबून जाई. आणि आम्ही तर खुर्चीत बसणारे. हा पस्तिशीचा गोलंदाज दर सामन्यात तासन्‌तास चेंडू टाकत होता, कारण त्याच्या तोडीचा दुसरा गोलंदाज संघात नव्हता.

त्यात ऊन. इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाऊस आणि ओली हिरवळ येते. मंद गतीच्या फिरकी गोलंदाजाला तीच हवी असते. भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू हातभर वळतो. पण १९११ चा उन्हाळा तिथल्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला, इतका तो कडक आणि कोरडा होता. हिरवळी करपल्या, खेळपट्ट्या दगडासारख्या झाल्या. बाळूंना लाभणारी इंग्लिश हवा त्या वर्षी आलीच नाही. तरी हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर ११४ बळी जमा होते. बळीमागे १९ धावांहूनही कमी. त्यांपैकी ७५ बळी पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांतले. लॉर्ड्‌सवर एम.सी.सी.विरुद्ध चार, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध आठ.

संघ मात्र हरतच होता. जून महिना सगळा पराभवात गेला. जुलैच्या मध्यावर लीस्टरशायरशी गाठ पडली. तिथे डॉ. कांगांनी मोठे शतक काढले, बाळूंनी सामन्यात अकरा गडी टिपले आणि संघाने कौंटीवर पहिला विजय मिळवला. त्याच्या लगेच पुढे टाँटनला सॉमरसेट. शेवटच्या डावात धावांचा डोंगर पुढे होता आणि गडी एकेक करत निघाले होते. धाकटा भाऊ शिवराम नाबाद शतक काढून उभा राहिला आणि सामना एका गड्याने जिंकला. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत संघ दोनदाच जिंकला, दहा सामने हरला आणि दोन अनिर्णित राहिले. एकूण २३ पैकी विजय सहा. जिंकलेल्या त्या दोन कौंट्यांपैकी एकीत मोठ्या भावाचा हात, दुसरीत धाकट्याचा. पुण्यातल्या मैदानावर टाकून दिलेल्या बॅटींनी शिकलेली ही दोन पोरे. बाळूंच्या गोलंदाजीवर इंग्लंडमधले जाणकार खूश झाले, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्‌सशी त्यांची तुलना होऊ लागली, आणि आमच्याकडून खेळा, असे सुचवणाऱ्या कौंट्याही निघाल्या.

इथे एका गोष्टीचा उल्लेख करायला हवा. जातपात आपल्याकडेच आणि साहेबाच्या देशात सगळे समान, असे काही नव्हते. पैशांसाठी न खेळणारे सभ्य गृहस्थ आणि मजुरी घेऊन खेळणारे व्यावसायिक, अशा दोन पंक्ती तिथल्या क्रिकेटमध्येही होत्या. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत यायचे दरवाजे वेगळे. आणि गंमत म्हणजे धावपत्रकावर नावे छापायची रीतही वेगळी. सभ्य गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची आडनावाच्या मागे. एका नजरेत कळावे की कोण कोणत्या दाराने आला. ही रीत मोडायला १९६२ साल उजाडावे लागले.

आपल्या धावपत्रकांवर बाळूंचे नाव कसे येई? पी. बाळू. भाऊ पी. शिवराम, पी. गणपत, पी. विठ्ठल. पी म्हणजे पालवणकर. आडनाव एका अक्षरात गुंडाळलेले आणि पुढे घरात हाक मारायचे नाव. संघातले कांगा कांगा होते, पै पै होते. बाळू आपले बाळू. माझे काम चाळीस वर्षे नावे तपासण्याचे, नमुन्याच्या सहीशी धनादेशावरची सही ताडून पाहण्याचे. म्हणून कदाचित माझी नजर तिथेच अडकते.

हंगाम गाजवून बाळू परतले तेव्हा मुंबईच्या दलित वस्त्यांत आनंदीआनंद झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या विशीतल्या भीमराव आंबेडकरांनाही या खेळाडूचा अभिमान वाटत असे. शिक्षणाने माणूस वर येतो, हे भीमराव स्वतः दाखवणार होते. पण आपल्यातला कोणी सगळ्या देशात पहिला असू शकतो, हे त्याआधी मैदानावर बाळूंनी दाखवले होते.

मग कर्णधारपदाचा प्रश्न आला. १९०७ पासून मुंबईत हिंदू, पारशी आणि युरोपियन अशी तिरंगी स्पर्धा भरत होती. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. हिंदू संघात अनुभवाने, कामगिरीने आणि वयाने बाळूंपेक्षा मोठे कोणी नव्हते. १९१३ साली कर्णधार झालेल्या मुकुंद पैंनी, हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता, असे एका सत्काराच्या वेळी मोकळेपणाने सांगितले. स्वतःच्या सत्कारात असे बोलायला मन मोठे लागते. पण निवड करणाऱ्यांची मने तेवढी मोठी नव्हती. दर वर्षी तोच खेळ. बळी हवेत, कर्णधार नको. आमच्या बँकेत एक सस्पेन्स अकाउंट असते. एखादी रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची ते ठरत नाही, तेव्हा ती तात्पुरती तिथे टाकतात. बाळूंचे कर्णधारपद वर्षानुवर्षे असेच सस्पेन्समध्ये पडून होते. फरक इतकाच की ते कोणाच्या नावावर जमा करायचे, हे सगळ्यांना माहीत होते.

१९२० साली गोष्ट तुटेपर्यंत ताणली गेली. पै पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते, तरी कर्णधारपद पालवणकरांकडे आले नाही. उलट बाळूंनाच संघातून वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल दोघेही संघातून बाहेर पडले. थोरल्या भावासाठी धाकट्यांनी पाय रोवले. मुंबईभर चर्चा झाली आणि अंतिम सामन्याच्या वेळी समेट झाला. पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, तेही दुसऱ्याच्या गैरहजेरीत. तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटा विठ्ठल हिंदू संघाचा रीतसर कर्णधार झाला. त्या वर्षी संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि सवर्ण तरुणांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून मिरवले. पुढे विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्रही लिहिले. थोरल्याने तीस वर्षे ओढलेल्या रोलरने सपाट केलेल्या वाटेवरून धाकटा चालत गेला. पहिल्या दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, बळीमागे १५ धावा, इतकी जमा करून बाळू मैदानातून निवृत्त झाले.

त्यांचा पुढचा डाव राजकारणातला. तो माझ्या पिढीतल्या पुष्कळांना अडचणीचा वाटतो, म्हणून तो गाळून टाकण्याची रीत आहे. मला ते योग्य वाटत नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले. दलितांच्या बाजूने वाटाघाटी करणारे डॉ. आंबेडकर एका कात्रीत सापडले होते. तडजोड व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत बाळू होते आणि २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये हिंदुस्थान लॉर्ड्‌सवर आपला पहिला कसोटी सामना खेळला होता. बाळूंना मात्र कसोटी कधी खेळता आली नाही. ती त्यांच्या वाट्याला आली ती अशी, पुण्यात. ज्या पुण्यात चाळीस वर्षांपूर्वी ते चार रुपयांवर रोलर ओढत होते, त्याच पुण्यात देशाचे मोठे पुढारी त्यांच्या सहीची वाट पाहत होते.

१९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांनी बाळू हरले. ज्या विद्यार्थ्याला कधी त्यांचा अभिमान वाटला होता, तोच आता समाजाचा निर्विवाद नेता होता. वाटा वेगळ्या झाल्या होत्या. आंबेडकरांना हिंदू समाजाचे दार ठोठावत बसण्यात अर्थ दिसत नव्हता. बाळू आयुष्यभर ते दार ठोठावत राहिले. कोण बरोबर, याचा निवाडा इतिहासाने बराचसा दिला आहे. पण ज्याच्यासाठी एका मैदानावर ते दार किलकिले का होईना उघडले होते, त्याला ते पुरते उघडेल अशी आशा वाटली, तर त्याला भाबडा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्याच्या सुमारे महिनाभर आधी, १ जून १९५५ ला, अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा देशात लागू झाला होता. उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या त्या मातीच्या पेल्याला कायद्याने उत्तर दिले, तेव्हा पेल्यातून चहा प्यालेल्या माणसाच्या हाती एक महिना उरला होता.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण नातवाला जे सांगितले नाही, ते अजून राहिले आहे.

१९८४ साल असेल. कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकून वर्ष झाले होते आणि गल्लोगल्ली क्रिकेटचे वारे होते. जालना जिल्हा होऊनही तीनच वर्षे झाली होती. मी पंचविशीतला नवा अधिकारी, एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. शाखा-शाखांचे सामने ठरले आणि बॅट धरता येते म्हणून मला कॅप्टन केले. आमच्याकडे गोलंदाजच नव्हता. शाखा झाडायला येणारा एक तरुण होता. दुपारच्या सुट्टीत तो मागच्या अंगणात पोरांना चेंडू टाकताना मी पाहिला होता. डावखुरा नव्हता, पण चेंडू झक्क वळवायचा. मी त्याला संघात घेतले. कोणी विरोध केला नाही, आणि त्याचे मला कौतुकही वाटले. माझे स्वतःचे, दुसऱ्या कोणाचे नव्हे.

त्याने सहा गडी बाद केले. आम्ही जिंकलो. मैदानाशेजारच्या हॉटेलात सगळे चहाला गेलो. बाकड्यांवर बसलो, कपबश्या आल्या. तो आत आला नाही. हॉटेलाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवला होता. त्याने तो उचलला, पोऱ्याने वरून चहा ओतला. उभ्याने प्याला, कप स्वतः विसळला आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घातला. कोणी त्याला तसे करायला सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. कायदा होऊन तेव्हा २९ वर्षे झाली होती. अकरांपैकी दहा जण आत होतो, दहाही जणांना दिसले. मी कॅप्टन होतो. उठून त्याला आत बोलवायला दहा पावले पुरली असती. माझा चहा गरम होता, तो मी संपवला.

नंतर माझी बदली झाली. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत गावे आली, हॉटेले आली, कोनाडे आले नाहीत. परवा नातू गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात त्या सामन्याची धाववही सापडली. अक्षर माझेच. दहा जणांची आडनावे, प्रत्येकापुढे श्री. अकराव्या ओळीत नुसते नाव, तेही घरात हाक मारतात तसे आखूड केलेले. त्यापुढे बळी सहा, हा आकडा मात्र ठसठशीत. त्याचे आडनाव मला माहीत नव्हते, असे नाही. दर महिन्याला त्याच्या मजुरीचे व्हाउचर मीच तपासून पास करत होतो.

ते कॅप्टन का झाले नाहीत, असे नातवाने विचारले होते. पुढच्या सुट्टीत तो येईल तेव्हा ही वही त्याच्यापुढे ठेवीन. बाळू पालवणकरांना कर्णधार न करणारी माणसे फार दुष्ट असतील, असा त्याचा समज झाला असेल. ती दुष्ट नव्हती. बरीचशी माझ्यासारखीच असतील. चांगली, सुशिक्षित, जिंकल्याचा आनंद झालेली आणि आपापला चहा संपवत बसलेली.